मोरी पूर्ववत

"उभ्या जन्मात माझ्या नजरेखालून चुकीचा शब्द सुटलेला नाही!"

वेलांटीकाकांचं हे वाक्य गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. काका छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे मजकूर छापला जाण्याआधी वाचून त्यातल्या चुका काढणं हा त्यांचा धंदा. छापखाना बंद पडून जमाना लोटला, अक्षरांचे शिशाचे खिळे कधीच भट्टीत गेले, पण काकांची खोड काही गेली नाही. दुकानाची पाटी असो की कुणाच्या घरची पत्रिका, ती आधी काकांच्या चष्म्याखालून जायची. शेजारच्या गॅरेजवाल्याने पाटीवर 'पंचर' लिहिलं होतं, तर काकांनी स्वतः शिडी लावून त्याचं 'पंक्चर' केलं. गिऱ्हाइकं पुढेही पंचरच काढून न्यायची, ते सोडा.

आणि असा हा माणूस शेवटी दोन अक्षरांच्या एका शब्दावर सपशेल आडवा झाला! त्या शब्दाची वेलांटीसुद्धा अगदी बरोबर होती, हे विशेष.

तो शब्द म्हणजे मोरी.

मोरी म्हणजे काय, हे आता तोटी फिरवून गरम पाण्याखाली उभं राहणाऱ्यांना समजावूनच सांगायला हवं. काकांच्या स्वयंपाकघरातून डाव्या हाताला दोन पायऱ्या उतरलं की एक चौकोन होता. कमरेएवढी भिंत, वर पत्रा, घराच्या वाशाला टांगलेला दिवा आणि मधोमध एक रुंद, काळा, गुळगुळीत दगड. अंघोळ तिथेच, भांडी तिथेच, कपडे तिथेच. मुलांच्या पाठी त्याच दगडावर खसाखसा घासल्या गेल्या आणि मग ती मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेने दूर गेली. लग्न नवीन असताना काकूंच्या हातून कढत पाण्याचा हंडा सुटला आणि दगडाच्या कोपऱ्याचा एक टवका उडाला. काकू घाबरून रडकुंडीला आल्या. काकांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "अगं, काही बिघडलं नाही. स्वल्पविराम पडलाय." टवका खरोखरच तसा दिसत होता. काकू हसल्या, आणि तेव्हापासून त्या दगडाला घरात सगळे स्वल्पविरामच म्हणू लागले.

खरी मजा संध्याकाळी असायची. मूळ मजकूर आणि छापलेला कागद ताडून बघायचा तर एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने लक्ष ठेवायचं, अशी दोन माणसं लागतात. छापखान्यातला दुसरा माणूस पहिल्याच परिच्छेदाला घोरू लागायचा. म्हणून काका कागद घरी आणत, मोरीच्या वरच्या पायरीवर बसत आणि मोठ्याने वाचत. काकू खाली दगडावर बसून भांडी घासता घासता ऐकत. वाचन विरामचिन्हांसकट चालायचं. "राजा म्हणाला स्वल्पविराम थांब उद्गारचिन्ह!" काकूंचा हात थांबला की काकांनी ओळखायचं, इथे वाक्य अडखळलंय. कादंबऱ्या झाल्या, खतांची माहितीपत्रकं झाली, एकदा तर अख्खी टेलिफोनची यादी काकूंनी कढया घासत ऐकली! इतकं सुख आपल्याला होतं हे तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

घराच्या मागून ओढा वाहायचा. एरवी गरीब, घोट्याएवढा. मोरीचं पाणी त्यात जायचं, त्यात बदकं पोहायची आणि मुलांच्या कागदी होड्या वाहायच्या. त्या वर्षी मात्र वरच्या अंगाला ढग फुटला आणि ओढ्याला आपण नदी असल्याचा भास झाला. गल्लीतली सगळी माणसं गॅरेजवाल्याच्या गच्चीवर जाऊन बसली म्हणून जिवावर काही बेतलं नाही. पाणी ओसरल्यावर काका परसदारी गेले आणि बघतच राहिले.

मोरी नव्हतीच! भिंत, पत्रा, दगड, पायऱ्या आणि त्याखालची जमीनसुद्धा ओढ्याने गिळली होती. स्वयंपाकघराचं डावं दार उघडलं की पुढे थेट पोकळी. फक्त घराच्या वाशातून पुढे आलेल्या दांडीला मोरीतला दिवा तसाच लटकत होता. काकांनी सहज बटण दाबलं, तर तो लागला. खाली काही नाही आणि वर आपला दिवा!

"आता अंघोळ कुठे करायची?" काकूंनी विचारलं.

"करू काहीतरी."

"काहीतरी म्हणजे?"

 गवंड्याला बोलावलं तर तो काठावर उभा राहून म्हणाला, "काका, मोरी मी बांधीन हो, पण कशावर? आधी जमीन तर आणा!" तेव्हा काकूंनी चार कपडे पिशवीत भरले आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला बहिणीकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, "मोरी झाली की येते."

पहिले काही दिवस काकांनी मजेत काढले. मग दूध उतू गेलं, मग तेच पातेलं पुन्हा करपलं. गॅरेजवाल्याच्या नळावर लुंगी सावरत अंघोळ करताना सगळी गल्ली "काका, बरं आहे ना?" म्हणून विचारपूस करू लागली. संध्याकाळी ते पेपर मोठ्याने वाचायला बसत. पण ऐकायला कुणी नसलं की वाचणारा स्वतःच्याच आवाजाला दचकतो. मग ते डावं दार उघडत, दिवा लावत आणि नुसतेच बसून राहत. काकूंची फार आठवण यायची.

त्यातून ते काकूंना भेटायला मेहुणीकडे गेले. तिथलं न्हाणीघर गुळगुळीत फरश्यांचं होतं. काकू नुकत्याच अंघोळ करून बाहेर आल्या होत्या आणि दहा वर्षांनी तरुण दिसत होत्या.

"इथे पाणी आपोआप गरम येतं हो," काकू म्हणाल्या.

"मी तर म्हणते, आता इथेच राहा," मेहुणी म्हणाली. ती अंगाने भरभक्कम होती आणि आवाजानेही. "ते ओढ्याकाठचं घर म्हणजे नुसती कटकट!"

काकू केस पुसत राहिल्या. त्यांनी नाही म्हटलं नाही, आणि काका तेवढंच ऐकून घरी आले. मोरी झाली नाही तर बायको येणार नाही, एवढं त्यांना स्वच्छ कळलं.

आणि दुसऱ्याच दिवशी गल्लीतून रिक्षा फिरली. तिच्यावर भोंगा होता. "ओढ्याकाठच्या नागरिकांना कळविण्यात येते की, पुराने झालेली हानी सरकारी साहाय्यातून दुरुस्त करण्यात येईल. ओढ्यातील गाळ काढणे, खचलेले काठ बांधणे, वाहून गेलेल्या मोऱ्या पूर्ववत करून देणे..."

काका ताडकन उठले. मोऱ्या! पूर्ववत! त्यातला 'पूर्ववत' तर त्यांना इतका आवडला की डोळ्यांत पाणीच आलं. दीर्घ ऊ भोंग्यातूनसुद्धा कसा नीट ऐकू आला होता! एखाद्या सरकारला माणसाच्या मोरीची इतकी काळजी असावी, याने काकांचा ऊर भरून आला.

आता सरकारदरबारी मोरी म्हणजे काय? तर रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जावं म्हणून घातलेला पाइप, म्हणजे एक छोटासा पूलच. गल्लीच्या टोकाला तशी एक मोरी होतीही, तीसुद्धा पुरात गेली होती आणि लोक फळी टाकून ये-जा करत होते. हे काकांना माहीत नव्हतं असं नाही. पण माणसाची बायको मोरीपायी रुसून बसली असेल तर 'मोरी' म्हटल्यावर त्याला पूल कसा आठवेल?

शाळेच्या हॉलमध्ये तरुण इंजिनीअर साहेब टेबल टाकून बसले होते. हॉलमध्ये कल्लोळ. कुणाचा बांध गेलेला, कुणाच्या मळ्यात दगडगोट्यांचा ढीग. काकांचा नंबर लागला.

"बोला काका. काय गेलं?"

"मोरी गेली."

"पूर्ण गेली की काही शिल्लक आहे?"

"वर दिवा आहे. खाली काही नाही."

"दिवा होता? वा! चांगली सोय होती," साहेब म्हणाले. "मोरी खासगी की सार्वजनिक?"

"म्हणजे काय? खासगीच! पण अडल्यानडल्याला आम्ही कुणाला नाही म्हटलेलं नाही. गॅरेजवाल्याचं पाणी गेलं की त्याचं सगळं बिऱ्हाड आमच्याच मोरीत येतं."

"म्हणजे सार्वजनिक वापर आहे. एकेरी की दुहेरी?"

काका जरा लाजले. "एकेरीच हो. लग्न नवीन होतं तेव्हाची गोष्ट वेगळी."

साहेबांना पलीकडच्या गोंगाटात शेवटचं वाक्य ऐकू आलं नाही. "वर्दळ कितपत असते?"

"सकाळी फार! सगळ्यांना एकदमच जायचं असतं. त्यात एखादं माणूस आत अडकून बसलं की मागे रांग लागते."

"कोंडी होते म्हणा ना! आणि जड वाहनं?"

साहेबांचा हा विनोद काकांना भारीच आवडला. सरकारी माणूस, पण बोलण्यात काय रस होता! त्यांनीही मग हातचं राखलं नाही. "एक आहे!" ते टेबलावर वाकून हळूच म्हणाले. "दर उन्हाळ्यात येतं. आत शिरलं की दगडसुद्धा डुगडुगतो! नाव नाही सांगत, नात्यातलं आहे."

"बाप रे! मग पाइप मोठाच टाकायला हवा," साहेब गंभीरपणे म्हणाले. "तुंबते का कधी?"

"सारखी! केस अडकतात ना."

"केस? कोर्टात?"

"कोर्टात कशाला? मोरीतच! आमच्या मंडळींचे. फार लांब आहेत."

"लांबतातच काका, कोर्टाचं कुणाच्या हातात असतं?" साहेबांनी सहानुभूतीने मान हलवली. "मोरीची नेमकी जागा?"

"आमच्या स्वयंपाकघराला लागून, डाव्या हाताला. गल्लीत कुणालाही विचारा, वेलांटीकाकांचं घर."

"ठीक आहे. मी येताना ती गल्ली बघितली, टोकाशी सगळं तुटलेलंच आहे. तुमची काही खास मागणी?"

"एकच," काका म्हणाले आणि त्यांचा आवाज उगाचच कापरा झाला. "पूर्ववत."

"तसंच होईल काका."

त्या दिवशी काका छाती काढून मेहुणीकडे गेले. "ठरलं! सरकार आपली मोरी बांधून देतंय!"

काकूंचा हात थांबला. त्या पालेभाजी निवडत होत्या, पण हात थांबला. "आपली? सरकार? तुम्ही त्यांना नीट सांगितलंत ना?"

"मी? मी नीट सांगितलं का, असं विचारतेस? उभ्या जन्मात..."

"माहीत आहे, माहीत आहे," काकू म्हणाल्या आणि पुन्हा भाजी निवडू लागल्या.

पुढे बरेच दिवस काही घडलं नाही. मग एका सकाळी काकांचं घर हादरू लागलं. भांडी वाजली, भिंतीवरचा फोटो तिरका झाला. काका धावत बाहेर आले तर गल्लीत एक पिवळं अजस्र खोदयंत्र शिरत होतं, आणि त्याच्या मागे ट्रक. ट्रकवर सिमेंटचे पाइप! एकेक पाइप एवढा, की त्यात गॅरेजवाल्याची मोटारसायकल उभी करून वर गॅरेजवालाही उभा राहिला असता. सगळी गल्ली अंगणात आली.

मुकादम खाली उतरला. "वेलांटीकाका कोण?"

"मीच."

"मोरी कुठे घालायची?"

काका त्याला स्वयंपाकघरातून नेऊ लागले. मुकादम चपला काढून आला, त्याने डाव्या दारातून खाली ओढ्याकडे बघितलं, वर दिव्याकडे बघितलं आणि डोकं खाजवलं.

"काका, रस्ता कुठाय?"

"कसला रस्ता?"

"मोरीवरून जाणारा!"

"मोरीवरून कशाला जाईल? मोरीत आपण जातो! स्वयंपाकघरातून खाली उतरायचं की झालं."

"जड वाहनसुद्धा स्वयंपाकघरातून जातं?"

"जातं की! तिला दुसरीकडून वाट कुठे आहे?"

मुकादमाने स्वयंपाकघराच्या दाराची रुंदी नजरेने मोजली, ओट्याकडे बघितलं आणि अतिशय हळू आवाजात विचारलं, "मग काका, हा ओटा पाडायचा का?"

"ओटा कशाला पाडता?"

"आता वरून हुकूमच तसा आहे. तुमच्या स्वयंपाकघराजवळ मोठ्या पाइपाची मोरी. आमचं काम घालायचं. नंतर तुम्ही त्यातनं ट्रक न्या नाहीतर हत्ती!" आणि तो बाहेर जाऊन ओरडला, "उतरवा रे!"

बघता बघता पाइप काकांच्या परसात ओळीने येऊन पडले. एक उतरवताना जरा घसरला आणि त्याला तडा गेला. खोदयंत्राने कुंपण बाजूला सारलं आणि आपला लांब हात स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आणून ठेवला. काकांनी घाईघाईने काकूंना फोन लावला.

"अगं, मोरी आली!"

"अरे वा! कशी आहे?"

"गोल आहे. तू उभ्याने आरपार जाशील."

पलीकडे शांतता पसरली. काकांना ती शांतता ओळखीची होती. वाक्य अडखळलं की असंच व्हायचं.

"अहो," काकू सावकाश म्हणाल्या, "तुम्ही साहेबांना नेमका कुठला शब्द सांगितलात?"

"मोरी."

"न्हाणीघर म्हणाला नाहीत?"

"मोरीला मोरी नाही म्हणायचं तर काय..." आणि तिथे काका थांबले. त्यांची नजर खिडकीतून गल्लीच्या टोकाला गेली, जिथे लोक फळीवरून तोल सावरत ओढा ओलांडत होते. "अरे देवा!" ते म्हणाले. "मोरी!"

फोनमध्ये काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला. काकांना वाटलं बायको रडतेय. पण ती हसत होती! इतकी हसत होती की बोलताच येईना. "आणि... आणि त्यांनी आणखी काय काय विचारलं?"

"खूप विचारलं. वर्दळ किती, तुंबते का. जड वाहनं जातात का, तर मी आपलं तुझ्या बहिणीचं..."

"माझं काय?" फोनवर अचानक मेहुणीचाच आवाज आला. "भावजी, माझं काय सांगितलंत सरकारला?"

काकांनी फोन असा ठेवला, जणू तो तापलेला तवाच होता.

काकू पुढच्याच बसने आल्या. पिशवीसकट आल्या, कारण मेहुणीने ती त्यांच्या हातात देऊन "जा, आधी त्या माणसाला आवर!" म्हणून दार लावून घेतलं होतं. तोवर इंजिनीअर साहेबही घामाघूम होऊन पोहोचले होते आणि काकांच्या अंगणात एका पाइपला टेकून कपाळाला हात लावून बसले होते.

"काका, तुम्ही अंघोळीबद्दल बोलत होतात?"

"तुम्ही पुलाबद्दल बोलत होतात?"

"कोंडी होते म्हणालात!"

"होतेच!"

"ती कोर्टातली केस?"

काकांनी मुकाट्याने काकूंच्या अंबाड्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी डोळे मिटले. "आता हे परत कसं नेऊ? मंजूर झालेली मोरी परत नेली तर मला वर तोंड दाखवायला जागा नाही!"

"साहेब," काकू म्हणाल्या, "गल्लीच्या टोकाची मोरी गेलीय, ती कुणी सांगितली का तुम्हाला?"

सगळी गल्ली एकमेकांकडे बघू लागली. "आम्हाला वाटलं, कुणीतरी सांगितलंच असेल," गॅरेजवाला म्हणाला. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. प्रत्येकाने तेच गृहीत धरलं होतं!

"मग हे पाइप तिथे घाला. गल्लीपण तीच, ओढापण तोच," काकू म्हणाल्या. "आणि आमच्या घरामागचा काठ तेवढा बांधा. काठ बांधणं तुमच्या भोंग्यात होतंच की!"

साहेबांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला.

काम सुरू झालं. काठाला दगडांची भिंत घातली, मागे माती भरली, आणि ओढ्यातला गाळ उपसायला घेतला. काकू रोज डाव्या दारात उभ्या राहून बघायच्या. अंघोळीचा प्रश्न तसाच होता, आणि काकांना रोज वाटायचं, आज पुन्हा पिशवी भरेल. ते काही विचारत नसत. विचारलं आणि उत्तर आलं तर काय करायचं?

आणि एका दुपारी खोदयंत्राने गाळातून काहीतरी काळं वर काढलं. चालक ते ट्रकमध्ये टाकणार, एवढ्यात काकू ओरडल्या, "थांबा!" काकाही धावले. चिखल निथळत असलेला तो एक रुंद दगड होता. काकूंनी पदराची पर्वा न करता हाताने त्याचा कोपरा पुसला.

"अहो, बघा!"

काकांनी वाकून बघितलं. स्वल्पविराम जागच्या जागी होता.

काकांनी त्याच्यावरून बोट फिरवलं. उभा जन्म शब्दांत काढलेला माणूस, पण शेवटी एवढंच म्हणाला, "तुझ्या बहिणीकडे पाणी आपोआप गरम येतं."

"येतं," काकू म्हणाल्या. "पण तिथे दार लावून घेतलं की आत एकटीच. बाहेर पायरीवर कुणी वाचत बसलेलं नसतं. मला दोन दिवसांत कंटाळा आला होता. मी वाट बघत होते, तुम्ही नुसतं 'चल' कधी म्हणताय त्याची."

"मग सांगायचं नाही का?"

"वेलांटी चुकली तर सांगते. हे काय सांगायचं?"

गल्लीच्या टोकाला मोरी झाली, चांगली ऐसपैस. सगळे पाइप तिथे गेले, उरला तो फक्त तडा गेलेला. तो न्यायलाही कुणी तयार नव्हतं आणि ठेवायलाही. "असू दे इथेच," काकू म्हणाल्या. गवंड्याने तो नव्या काठावर, दिव्याच्या बरोबर खाली आडवा बसवला, आत तळाशी फरशी करून स्वल्पविराम ठेवला आणि एका बाजूने भिंत घातली. दुसऱ्या बाजूला पडदा. वर पायऱ्याही झाल्या. आत बोललं की आवाज घुमायचा, आणि काका त्यात उद्गारचिन्हं वाचायचे तेव्हा पलीकडची बदकं उडून जायची!

दुसऱ्या वर्षी ओढा पुन्हा फुगला, पण टोकाच्या मोरीतून गुमान निघून गेला. गल्ली काकांचे आभार मानू लागली. काका म्हणू लागले, "मी शब्द मुद्दामच तसा वापरला होता." काकूंचा हात मात्र थांबायचा.

मग एका सकाळी सरकारी कामाची पडताळणी करायला एक अधिकारी बाई आल्या. त्यांच्याजवळचा पत्ता अजून तोच, वेलांटीकाका, स्वयंपाकघराला लागून, डाव्या हाताला. काका तेव्हा पाइपात होते, डोक्यापासून पायापर्यंत साबण लावून. काकू वरच्या पायरीवर बसून त्यांना पेपर वाचून दाखवत होत्या.

बाईंनी पाइप निरखून बघितला. "मंजूर झालेली मोरी हीच का?"

"बाई, 'मोरी' या शब्दाचे दोन अर्थ..." आतून काकांचा आवाज घुमला आणि तिथेच थांबला, कारण तोंडात फेस गेला होता.

"वापरात आहे ना?" बाई पडद्याकडे सरकत म्हणाल्या.

"आहे की!" काकूंनी पेपर खाली ठेवला. "पण जरा थांबा. एक जड वाहन आत आहे!"